जमिनीवर राहिलेला भाऊ

कळंब,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मल्हार,

आम्ही सगळे बरे आहोत. बंगळुरात तुम्हीही बरे असाल असं धरून लिहायला घेतलं. सोयाबीन निघालं, हरभऱ्याचं पेरून झालं. उमाच्या खांद्याचं दुखणं थोडं कमी आहे. समृद्धी बारावीच्या अभ्यासात आहे आणि काकांचं पुस्तक छापून कधी येणार म्हणून रोज विचारते. आईचं खाणंपिणं नीट आहे. गुडघे दुखतात, तरी सकाळी काठी घेऊन फाटकापर्यंत जाते. अलीकडं नावांची गल्लत करते. त्याबद्दल पुढं कधी.

तुझ्या पुस्तकाची प्रुफं वाचली. एकशे बारा पानं, दोन वेळा. ऱ्हस्वदीर्घाच्या एकसष्ट चुका निघाल्या, त्या लाल शाईनं दुरुस्त केल्या आहेत. शास्त्र तू पाहिलंच असशील, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. अंतराळात माणसाचं वय कसं वाढतं हे तू फार सोपं करून सांगितलं आहेस. वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा हळू चालतं, पण वजन नसल्यामुळं हाडं मात्र झिजत जातात, म्हणजे घड्याळानं तरुण आणि हाडांनी म्हातारा, हे वाक्य मुलांच्या लक्षात राहील. जुळ्या भावांचं पाचवं प्रकरणही वाचलं. त्यात आपली नावं घातली आहेस. ठीक आहे.

शेवटचं प्रूफ मीच परस्पर लातूरच्या छापखान्याला पाठवावं असं तू म्हणालास, तसं करीन. तुझं व्याख्यान होईपर्यंत ठेवून घेतो, तुला काही बदलायचं असलं तर सांगता येईल.

व्याख्यान तेवीस तारखेला, रविवारी सकाळी अकराला, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. तुझी ओळख मी करून द्यावी असं मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं. मी नको म्हणालो. सख्ख्या भावाविषयी माईकवर काय बोलायचं ते मला सुचलं नसतं.

तुझा,
बिरुदेव

ता. क. : पान चारवर तू वसतिगृहाविषयी लिहिलं आहेस की, तिथं आमची नोंद म्हणजे नुसतं नाव आणि नंबर, अंगावरची खूणसुद्धा कुणी कधी विचारली नाही. तिथं मी पेन्सिलनं रेघ ओढली आहे. दुरुस्ती नाही. खरंच विचारली नव्हती का? सहज विचारतो.


कळंब,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

मल्हार,

खुशाली आधी लिहायची सवय आहे म्हणून लिहितो. आई बरी आहे, उमा बरी आहे, समृद्धी बरी आहे. मी कसा आहे ते पुढं कळेलच.

माझ्या ताज्या कलमाला तू उत्तर दिलं नाहीस. फोन दोनदा केलास, पण त्यात हॉलमध्ये पडदा केवढा आहे आणि गाडी कुठं लावायची एवढंच विचारलंस. म्हणून हे पत्र. फोनवर मी बोलायला लागलो की तू "हां, हां" करतोस आणि माझं वाक्य अर्ध्यात राहतं. कागदावर तुला मला तोडता येणार नाही.

मला तुला दुखवायचं आहे. हे वाक्य मी वहीत तीन वेगवेगळ्या दिवशी लिहून पाहिलं, रागात लिहिलेलं तर नाही ना ते बघायला. तिन्ही दिवशी ते खरंच वाटलं.

आधी तेवीस तारखेचं. तू फार चांगलं बोललास, यात वाद नाही. सहाशे पोरं दीड तास हलली नाहीत. मग तू आपल्या दोघांचे फोटो पडद्यावर लावलेस. तू पांढऱ्या कोटात, केस काळेभोर. मी शेतात, टोपी घालून, उन्हानं डोळे बारीक झालेले. तो फोटो समृद्धीनं तुला कौतुकानं पाठवला होता. "दोघं एकाच दिवशी जन्मलेले जुळे. सांगा बरं, यातला यानात बसून कोण गेला असेल?" पोरं ओरडली, "तुम्ही!" माझ्याच वर्गातली पोरं मागं वळून माझ्याकडं बघून हसली. मीही हसलो. चांगला विनोद होता. दुसऱ्या दिवशी दहावी ब मध्ये एकानं फळ्याच्या कोपऱ्यात यान काढून ठेवलं होतं. त्याबद्दल मी हे पत्र लिहिलं नसतं.

आईचं लिहितोय. तिला उमानं रिक्षानं आणून पहिल्या ओळीत बसवलं होतं. तू हार काढून तिच्या पायाशी वाकलास. कॉलरचा माईक चालू होता. तिनं तुझ्या गालावरून हात फिरवला आणि सगळ्या हॉलला ऐकू आलं, "बिरू, लई वाळलास रं. येळंवर जेवतूस का न्हाय?"

पोरं हसली. तू उठलास आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "बघा मुलांनो, फक्त हाडांचंच वय होत नाही, मेंदूचंही होतं. माझ्या आईला आज मी कोण हेसुद्धा कळत नाही." तेव्हा शिक्षकही हसले. आईनं मान वळवून मला शोधलं आणि विचारलं, "मल्हार, ह्ये का हसायलेत?"

मी उठलो. तिच्या शेजारी जाऊन बसलो, एवढंच.

नंतर गाडीपाशी तू म्हणालास, "आईला कुणाला तरी दाखव. चारचौघांत असं काही बोलायला नको तिनं."

"ती काय चुकीचं बोलली?" मी विचारलं.

"बिरू, आता पन्नाशीला आलो आपण. सोड की."

"कागदावर मी तुझ्याआधी दोन वर्षं पन्नाशीला येणार आहे," मी म्हणालो.

तू घड्याळ बघितलंस. "प्रूफ पाठवलंस का?"

"आज पाठवतो," मी म्हणालो.

आता ती दोन वर्षं. आपल्या दोघांत ती वर्षं कुणी घातली ते तुला माहीत आहे, तरी एकदा सलग लिहू दे. आजवर हे मी डायरीतसुद्धा तुकड्यातुकड्यांतच लिहीत आलो.

अण्णांनी आपल्याला शाळेत घातलं तेव्हा त्यांना जन्मतारखा ठाऊक नव्हत्या. मेंढरं घेऊन भूम तालुक्याच्या माळावर होते आणि तिथं आपण झालो, एवढंच त्यांना सांगता आलं. दगडोबा गुरुजी सगळ्यांनाच एक जून लिहायचे, आपल्यालाही तेच लिहिलं. पण एका बापाची दोन पोरं एकाच तारखेची कशी लिहायची, तपासणीला आलेले साहेब चूक म्हणतील, अशी त्यांना भीती. म्हणून एकाला १९७८ दिलं आणि दुसऱ्याला १९८०. कुठलं यान नाही, कुठला वेग नाही. एका टाकाच्या फटक्यात एक भाऊ दुसऱ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान झाला.

१९८० ज्याला मिळालं त्याचं नाव मल्हार. तो मी.

निवासी शाळेच्या परीक्षेला बारा वर्षांच्या आतली मुलंच चालायची. कागदावर तू तेराचा होतास, म्हणून तुला बसता आलं नाही. मी बसलो, पास झालो. गुरुजींनी मला त्यांची एक कोरी डायरी दिली. "निवासी शाळेत रोज लिहावं लागतं, आतापासून सवय लाव," म्हणाले. त्या डायरीचं पहिलं पान १० जून १९९१. "पेटी भरली. आईनं धपाटे बांधायचे कबूल केले. मला जायचं आहे." १३ जूनचं पान कोरं आहे, कारण मला गोवर निघाला होता. पंधरा तारखेला मुलगा हजर झाला नसता तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. अण्णा म्हणाले, "दोगं सारखेच की. कुणाला कळतंय? दिवाळीत बदलू." माझी पेटी, माझा दाखला आणि माझं नाव घेऊन तू गेलास. मी घोंगडीखालून बघत होतो. अण्णांना मी दोष देत नाही. त्यांनी जागा वाचवली. तूही तेव्हा अकरा वर्षांचा होतास. हे मी दरवेळी लिहितो आणि दरवेळी ते खरंच असतं.

मग दिवाळी आली. तू पांढरे बूट घालून आलास. मेंढरांमागं चालता चालता दहा दिवस मी तुझ्याकडून सगळं पाठ करून घेतलं. हजेरी क्रमांक सत्तावीस. खाट खिडकीजवळ. आचाऱ्याला पोरं मामा म्हणतात. गणिताच्या सरांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. डायरीत ते सगळं ओळीनं आहे. चुकलो की तू मला टपली मारायचास आणि आपण दोघंही हसायचो. त्या हसण्यात तुझ्या मनात काय चाललं होतं ते मला आजही कळत नाही.

निघायच्या दिवशी तू अण्णांना म्हणालास, तिथं सगळ्यांच्या अंगावरच्या खुणा लिहून घेतल्यात. तुझ्या मनगटावर कुत्र्यानं चावल्याचा वण होता, माझ्या नव्हता. बदललो तर पकडले जाऊ आणि अण्णांना आत टाकतील. पोलीस म्हटलं की अण्णा आधीच अर्धे व्हायचे. त्यांनी माझ्या हातातली पेटी काढून घेतली आणि तुझ्या हातात दिली. तुझी एसटी गेली. माझा दाखला तुझ्याबरोबर गेलेला, म्हणून गुरुजींच्या हजेरीत उरलेलं नाव बिरुदेव, ते मला मिळालं. अण्णांनी आईला बजावलं, "घरातबी ह्याला मल्हार म्हनायचं न्हाय. तोंडातनं नाव गेलं तर पोराचं वाटुळं हुईल." तिनं ते चौतीस वर्षं पाळलं. मला हाक मारताना ती आधी थोडी थांबायची. लहानपणी मला वाटायचं, तिला माझा राग आहे.

त्या वणामुळं मी स्वतःची समजूत घातली होती, मल्हार. नशीब, कुत्रं, गुरुजींचं घाबरणं, सगळं एकात एक अडकलं, कुणाचाच इलाज नव्हता. तेवढ्यावर मी बी.एस्सी. झालो, मास्तर झालो, लग्न केलं, अण्णांचं शेवटचं केलं. तुझ्या सत्कारांना टाळ्या वाजवल्या आणि त्या मनापासून वाजवल्या. आणि आता पान चारवर तू स्वतःच लिहितोस, अंगावरची खूणसुद्धा कुणी कधी विचारली नाही. गंमत म्हणून लिहितोस. तेव्हा अण्णांना स्वतः काय सांगितलं होतंस ते तू विसरलास. त्या एका खोट्यावर माझं अख्खं आयुष्य उभं आहे आणि ज्यानं ते सांगितलं त्याला त्याची आठवणही नाही. मला सगळ्यात जास्त हे लागलं.

आता प्रूफ. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. ते खोटं होतं. पान सदतीसवर, सहा महिने पृथ्वीभोवती फिरून आलेला भाऊ पाच सेकंदांनी लहान होतो, असं तू छापायला दिलं होतंस. पाच सेकंद नाही, पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे पाच सहस्रांश. हजारपट चूक. टाइप करताना एक शब्द गळाला असणार. तू हाडांचा अभ्यास करणारा माणूस, तुझ्या नजरेतून ते सुटलं. माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी ते आठ दिवस तसंच ठेवलं. कुणीतरी चांगल्या व्यासपीठावर तुझी ती चूक दाखवेल आणि तू लाल होशील, याची मी मजा घेत होतो. मग वाटलं, ते पान समृद्धीच्या वयाची पोरं वाचणार, त्यांचं माझ्याशी काय वाकडं आहे? दुरुस्त केलं. तपासून बघ, आता बरोबर आहे.

पण तेवीस तारखेला तुझी गाडी गेल्यावर मी शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो आणि पाचवं प्रकरण पुन्हा उघडलं. तू लिहिलं होतंस : मल्हार यानात बसून गेला, बिरुदेव जमिनीवर राहिला. मल्हार परत आला तेव्हा बिरुदेव त्याच्यापेक्षा म्हातारा झाला होता. बिरुदेवला गावच आवडायचं, त्याला जायचंच नव्हतं.

त्याला जायचंच नव्हतं! हे तुला कुणी सांगितलं?

मी लाल शाईनं अकरा ठिकाणी मल्हार खोडून बिरुदेव केलं आणि नऊ ठिकाणी बिरुदेव खोडून मल्हार केलं. शेवटचं वाक्य असं केलं : मल्हारला गाव आवडायचं, पण त्याला जायचंच होतं. बाकी कुठं काना-मात्राही हलवली नाही. संध्याकाळच्या पार्सलनं प्रूफ लातूरला गेलं. काल छापखान्याचा फोन आला, तीन हजार प्रती तयार आहेत, पुण्याला रवाना केल्या. दहा प्रती आज माझ्याकडं आल्या.

दुसऱ्याच्या पुस्तकात हात घालणं ही लबाडी आहे, हे मला कळतं. पुस्तकावरचं नाव माझंच आहे, तेव्हा थोडा हक्क माझाही, असा एक युक्तिवाद मी करून पाहिला. तो लंगडा आहे. आईसाठी केलं म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. मी हे सूड म्हणून केलं आणि शांत डोक्यानं केलं. तेवढं माझ्या नावावर असू दे. मी तिथं गेलो असतो तर तुझ्याएवढा झालो असतोच, असंही मी म्हणत नाही. कदाचित पहिल्याच वर्षी रडत घरी आलो असतो. पण ते रडणं माझं असतं.

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकतोय, म्हणजे शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. रविवारी पुण्यात प्रकाशन आहे आणि तू नेहमीप्रमाणं जुळ्यांचंच प्रकरण वाचून दाखवणार, असं पत्रिकेत छापलं आहे. दोन दिवसांत तीन हजार प्रती पुन्हा छापून होत नाहीत. पोरांच्या मांडीवर पुस्तकं उघडी असतील आणि तुझं बोट ज्या ओळीवर असेल त्याच ओळीवर त्यांची बोटं असतील. तू वेगळं वाचलंस तर पुढच्या रांगेतली एखादी पोरगी उठून सांगेल, "सर, इथं तसं नाही." म्हणून आहे तसंच वाच. मल्हार जमिनीवर राहिला. त्याला जायचंच होतं. हे तुझ्या तोंडून मोठ्यानं निघायला हवं, तेही माईकवर. लोकांना वाटेल, केवढा विनम्र माणूस, स्वतःला जमिनीवर ठेवून भावाला यानात बसवलं. टाळ्या पडतील. त्या टाळ्या तुला कशा लागतात ते मला कधीतरी लिही.

दुसऱ्या आवृत्तीत नावं पूर्ववत करावीशी वाटली, तर कर. पण मग का केलीस ते तुला मला सांगावं लागेल. माझ्या १९९१ च्या डायरीत परीक्षेचं हॉलतिकीट चिकटवलेलं आहे. त्यावरचा फोटो आपल्यापैकी कुणाचाही म्हणून चालेल. खाली अंगठ्याचा ठसा आहे. जुळ्यांचे चेहरे सारखे असतात, अंगठे नसतात, हे तूच पान चाळीसवर लिहिलं आहेस. मी ते घेऊन कुठल्या कार्यालयात जाणार नाही. पण ती डायरी जाळणारही नाही. समृद्धीला ती कुठं आहे ते माहीत आहे. त्यात काय आहे ते अजून माहीत नाही.

एक शेवटचं. आज दुपारी समृद्धीनं नवीन पुस्तकातलं तेच प्रकरण आजीला वाचून दाखवलं. आई शेंगा फोडत बसली होती. तिचं लक्ष आहे असं मला वाटलं नाही. समृद्धीनं वाचलं, "बिरुदेव यानात बसून गेला, मल्हार जमिनीवर राहिला." आईचा हात थांबला. म्हणाली, "व्हय. त्यो माझ्यापाशीच व्हता."

समृद्धीनं माझ्याकडं बघितलं. मी शेंगा पुढं सरकवल्या.

आता सही. चौतीस वर्षांत हे नाव मी एकदाही लिहिलं नव्हतं. आत्ता रद्दी कागदावर चार वेळा लिहून पाहिलं, तर अक्षर शाळेतल्या पोरासारखं गोल येतंय. माझे केस पिकले, तुझे तू काळे करतोस. हे नाव मात्र अजून अकरा वर्षांचंच आहे.

मल्हार